चौथ्या बटणाचा हिरवा दिवा

माझ्या नातीच्या नव्या गाडीत अंधारून आलं की सगळी बटणं आपोआप उजळतात, आणि उजेडाचा रंगही आपल्याला हवा तो निवडता येतो. परवा तिने मला शेजारी बसवून विचारलं, "आजी, कुठला लावू? निळा, जांभळा, की गुलाबी?"

"वेलचीचा लाव," मी म्हणाले.

तिने गाडी बाजूला घेतली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मी काही खुलासा केला नाही. माझी काळजी वाटायला लागली की ती मला कुल्फी खाऊ घालते, आणि कुल्फीवाला समोरच उभा होता.

खुलासा इथे करते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. त्या वेळी मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला पस्तिशीची समजत होते. आम्ही शहापुरात राहायचो. आमचे हे हायस्कुलात पी.टी.चे सर. पांढरी पँट, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. घरातसुद्धा बोलणं कवायतीचं. "चहा" म्हणायचे तेव्हा मला उगाच टाचा जुळवाव्याशा वाटायच्या. आमच्याकडे एक जुनी गाडी होती. कल्याणच्या एका डॉक्टरांनी ती भरपूर वापरली, मग कुणीतरी आणखी वापरली, आणि मग ती आमच्या दाराशी आली. तिचं दार लावायचं तर आधी जरा उचलून धरावं लागे. पण चालायची.

माझी आई मुरबाडला एकटी राहायची. वडील गेल्यावर मी तिला शहापूरला बोलावलं, भावाने भातसानगरला बोलावलं. ती म्हणायची, "माझी गाय कोण बघंल?" पुढे गाय गेली, तरी ती हेच म्हणत राहिली. आठवड्यातून एकदा तिच्याकडे जाऊन यावं एवढीच माझी इच्छा होती. दुपारचं आवरून निघायचं, तिचे केस विंचरायचे, शेजारणींच्या कागाळ्या ऐकायच्या, चहा प्यायचा आणि परत यायचं. बसने जायचं तर सरळगावला उतरून दुसरी धरायची, आणि परतीची शेवटची चुकू नये म्हणून अर्धा चहा बशीत ठेवून उठायचं. इकडे गाडी दाराशी उभी होती आणि मी चालवायला शिकलेही होते. चांगलं लायसन होतं माझ्याकडे. त्यावरच्या फोटोत मी अशी दिसत होते, जणू गाडी चोरताना पकडली आहे.

किल्ली मात्र ह्यांच्या खिशात.

"दिवसा तू ठीक चालवतेस," हे म्हणायचे. "पण थंडीत मुरबाडहून पाचला निघालीस तरी किन्हवलीच्या आसपास दिवे लावायची वेळ होते. आणि तुला बटणं सापडत नाहीत."

ते खरं होतं. आमच्या डॅशबोर्डवर ओढायची चार काळी बटणं एका ओळीत होती. पहिलं दिव्यांचं, दुसरं वायपरचं, तिसरं चोकचं. गार इंजिन चालू करताना चोक ओढायचा आणि गरम झालं की आत ढकलायचा, नाहीतर गाडी अधाशासारखी पेट्रोल पिते. चौथं बटण कशाचं ते कुणालाच माहीत नव्हतं. ओढलं की बाहेर यायचं, ढकललं की आत जायचं, बस. बटणांवरची चित्रं डॉक्टरांच्या काळातच पुसून गेली होती. मी तिन्हीसांजेला दिवे लावायला जायची आणि कोरड्या काचेवर वायपर खरखरायला लागायचा. तो बंद करायला जायची आणि चोक ओढला जायचा.

आता खरं कारण सांगते, कारण ते मला सोडून अख्ख्या आळीला कळलं होतं. मला चाळिशी लागली होती. सुईत दोरा ओवताना मी सुई इतकी लांब धरायची, जणू ती चावणार आहे. तांदळातले खडे दिसत नव्हते. हे जेवताना मुकाट्याने दाताखालचा खडा काढून ताटाच्या कडेला ठेवायचे. एका शब्दाने बोलायचे नाहीत आणि मी त्यावर मनातल्या मनात विरघळून जायची. पण चष्मा म्हणजे म्हातारपण, आणि म्हातारपण म्हणजे माझी चुलत जाऊ, असं माझं पक्कं मत होतं. तिच्या चष्म्याला मागून काळा दोरा होता. म्हणून मी ठरवून टाकलं की माझे डोळे उत्तम आहेत, गाडीतच उजेड कमी आहे.

पहिला उपाय मी देवघरातून केला. ओल्या कुंकवाचं एकेक बोट बटणांना लावलं, आणि चोक वेगळा ओळखू यावा म्हणून त्याला हळद. दुसऱ्या दिवशी हे गाडी घेऊन शाळेत गेले. प्रार्थनेच्या वेळी रांगांसमोर उभे राहिले तेव्हा पांढऱ्या पँटवर दोन्हीकडे लाल बोटं आणि शिट्टीवर हळद. मुख्याध्यापकांनी हळूच विचारलं म्हणे, "सर, घरी काही कार्य होतं का?"

त्यानंतर घरात दोन दिवस कवायतसुद्धा बंद होती.

दुसरा उपाय मला पोटमाळ्यावर सापडला. गणपतीच्या आराशीतली दिव्यांची माळ. लाल, पिवळे, निळे, हिरवे असे चार रंग, आणि बटणंही चारच. त्या बाईला, म्हणजे मला, हा साक्षात देवाचा इशारा वाटला. त्याच सुमाराला हे शाळेचा संघ घेऊन चार दिवस ठाण्याला स्पर्धांना गेले. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले, कारण बॅटरी उतरू नये म्हणून रोज थोडा वेळ इंजिन चालू करायचं होतं. "जागची हलवायची नाही," अशी आज्ञा होती. मी हलवली नाही. बाकी कशाबद्दल आज्ञा नव्हती.

मी माळेतला एक लाल दिवा कापून काढला आणि त्याच्या दोन तारा गाडीच्या बॅटरीला लावल्या. दिवा एकदा पांढराशुभ्र चमकला आणि गेला. मला वाटलं, जुना असेल. दुसरा लावला, तोही गेला. तिसराही. घरातल्या विजेवर हीच माळ दहा दहा दिवस जळते, आणि घरातली वीज तर माणसाला उडवून लावते. गाडीच्या गरीब बॅटरीवर दिवे जळून जातात म्हणजे काय? दोष लाल रंगात आहे, असा शोध लावून मी उरलेली माळ पिशवीत भरली आणि भातसानगरला गेले.

माझा धाकटा भाऊ धरणावर वायरमन होता आणि तिथल्याच वसाहतीत राहायचा. त्याने माझी कहाणी ऐकली आणि खाटेवर आडवा होऊन पोट धरून हसला.

"ताय, माळ कधी नीट बघितलीस का गो? सगळं दिवं एकामागं एक. घरातली वीज सगळ्यांनी वाटून खाल्लेली असते, एकेकाच्या वाट्याला चिमूटभर येते. तू एकट्याच्या तोंडात अख्खी बॅटरी कोंबलीस. तो काय करंल बिचारा?"

"मग लावायचे तरी कसे?"

"दोघं दोघं. एकामागं एक दोन लावायचं, म्हंजे बॅटरी दोघांत वाटली जाते. पण एक गेला की दुसराबी विझणार, ते ध्यानात ठेव."

"नवरा-बायकोच लाव म्हणा की," त्याची बायको आतून भाकरी थापता थापता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. तो पकड, चिकटपट्टी आणि वायरचं भेंडोळं घेऊन शहापूरला आला आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा झोपला. मी बाहेरून रंग सांगत होते. मोठ्या दिव्यांना पिवळा. वायपरला निळा, कारण पाणी. चोकला लाल, कारण तो ओढून विसरायचा नाही.

"आनी हे चौथं?" त्याने खालून विचारलं. "ह्याचं काम काय?"

"काही नाही."

"मग त्याला कशाला दिवं?"

"तिघांना लावले आणि ह्याला एकट्याला अंधारात ठेवायचं?"

त्याने डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "भावजी कसं नांदवतात गो तुला?" आणि हिरवी जोडी लावून टाकली.

संध्याकाळी दिवे लागले आणि नवीनच पंचाईत झाली. आठही दिवे समोरच्या काचेत उमटले. फाटक दिसेना, पण आरास झकास दिसत होती. त्यांना टोप्या घालायला हव्या होत्या. त्या काळी कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या घरोघरी असत. रोल धुवायला द्यायचा आणि डबीत हिंग, पिना, काय हवं ते ठेवायचं. माझ्या दोन डब्यांत वेलची होती. वेलची वाटीत ओतली, डब्या उभ्या चिरल्या आणि एकेक अर्धुक प्रत्येक जोडीवर छपरासारखं बसवलं. उजेड फक्त खाली, बटणावर पडायला लागला. दिवे तापले की डब्या तापायच्या, आणि गाडीत बासुंदी आटवल्यासारखा वास सुटायचा.

शेवटची अडचण भावाने ओळखली. हे दिवे गाडीच्या मोठ्या दिव्यांबरोबर लागले असते तर मोठ्या दिव्यांचं बटण आधी अंधारात शोधावं लागलं असतं. म्हणून त्याने पलंगाच्या उशाशी लोंबतो तसला पांढरा, पेरूच्या आकाराचा स्विच स्टिअरिंगशेजारी टांगून दिला. दाबला की चारी बटणं हजर.

हे ठाण्याहून आले, दार उचलून उघडलं, आत बसले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

"ही गाडी आहे की मखर?" अखेर आतून आवाज आला.

"काढून टाकायचं का?"

मी खिडकीतून पाहिलं. ते एकेका बटणावर बोट ठेवत होते. दिवे, वायपर, चोक, चौथं. मग परत पहिल्यापासून. "राहू दे," म्हणाले. माझ्या कारागिरीने माणूस थक्क झाला आहे असं मला वाटलं. अशा बाबतीत माझं वाटणं फार जोरदार असायचं.

मग त्यांनी परीक्षा जाहीर केली. "शनिवारी सकाळची शाळा आहे. दुपारी सासूबाईंकडे जाऊ. जाताना मी चालवीन, येताना तू. एकही बटण चुकलं नाही तर दुसरी किल्ली करून तुझ्या हातात देईन. चुकलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मुरबाडला पोचल्यावर मी आईला गाडीजवळ आणलं आणि स्विच दाबून दाखवला. तिने वाकून आत पाहिलं आणि आधी हात जोडले.

"देव कुठं बसवलाय गो?"

"देव नाही आई, बटणं आहेत." मी तिला परीक्षेचं सगळं सांगितलं.

ती जावयाकडे वळली. "हिला लहानपणी आमचा डावा बैल कोणता नि उजवा कोणता ते कधी कळलं नाय." माझी एवढी शिफारस करून ती आत गेली. नाचणीच्या पिठाची पिशवी आणि वालाच्या शेंगा घेऊन बाहेर आली आणि मागच्या सीटवर ठेवता ठेवता ह्यांना हळूच म्हणाली, "पण येऊ द्या तिला. मला आता केसांत हात पोचत नाय."

मी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि चालकाच्या जागी बसले.

सरळगाव मागे टाकलं तेव्हा उन्हं गेली होती. कापून झालेल्या शेतांवर धुरकट थर बसला होता आणि रस्त्यावर पेंढ्याच्या गाड्या घराकडे निघाल्या होत्या. ह्यांनी शेजारून कवायत सुरू केली.

"दिवे."

मी स्विच दाबला, पिवळ्याखालचं बटण ओढलं. रस्ता उजळला.

"वायपर. बंद. चोक कुठला?"

"लाल."

"चौथं ओढ."

ओढलं. काही झालं नाही. जे व्हायला हवं होतं तेच झालं. गाडीत वेलचीचा वास भरला होता आणि मी अशी ऐटीत बसले होते, की समोरून येणाऱ्या बैलांनी मला ओळख दाखवावी.

"पेट्रोल किती आहे?"

इथे मात्र मी अडकले. बटणं उजळली होती, पण पेट्रोलच्या काट्याला कुणी हात लावला नव्हता. काच पिवळी पडलेली, आतला उजेड काजव्याएवढा. काटा मला दिसतच नव्हता. हे बरेच महिने शेजारी बसले की मला असंच विचारायचे, पेट्रोल किती, वेग किती, आणि मी अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायची. आतापर्यंत एकदाही चूक निघाली नव्हती.

"अर्धी टाकी," मी ठणकावून सांगितलं.

ह्यांनी मान पुढे काढून काट्याकडे पाहिलं. "बरोबर," म्हणाले.

किन्हवलीच्या थोडं अलीकडे गाडीने दोन आचके दिले, एक उसासा टाकला आणि थांबली.

मी चोक तपासला. हे खाली उतरले, बॉनेट उघडलं, काही दिसलं नाही, बॉनेट लावलं. पुन्हा येऊन बसले. आम्ही दोघं त्या मखरात शेजारी शेजारी बसून राहिलो. तेवढ्यात शेताकडून डोक्यावर पेंढ्याचा भारा घेतलेले एक म्हातारबाबा आले. आमच्याहून वीसेक वर्षांनी तरी मोठे असतील. दिव्यांचा रंग बघून थांबले, भारा खाली ठेवला आणि माझ्या खिडकीतून आत डोकावले.

"काय झालं गो बाय?"

"काही कळत नाही. टाकी तर अर्धी आहे."

त्यांनी तिथूनच, खिडकीबाहेरून, डोळे बारीक न करता पाहिलं. "अर्धी? काटा तं पार खाली निजलाय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही बरोबर म्हणालात," मी म्हणाले.

"तू अर्धी म्हणालीस."

"मला दिसत नव्हतं."

एवढं वाक्य बोलायला मला दोन वर्षं लागली होती. बोलून झाल्यावर मी निकालाची वाट बघत खाली मान घालून बसले. किल्ली गेली, शनिवार गेले, आईचे केस गेले. हे गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत होते.

"मग मी तुला दर वेळी विचारत कशाला होतो?" ते हळूच म्हणाले. "मलाही नव्हतं दिसत."

म्हणजे ती माझी परीक्षा नव्हतीच. हा माणूस माझ्याकडून काटा वाचून घेत होता, आणि मी थापा मारत होते, आणि त्या थापांवर आमचा संसार चालला होता. मग मला ते ताटाकडेचे खडेही आठवले. मी ज्याला प्रेम समजत होते ते एवढंच होतं, की खडे त्यांनाही दिसत नव्हते, मग मला बोलणार कुठल्या तोंडाने? मी हसायला लागले. हे आधी रागावल्यासारखे झाले, मग त्यांनाही हसू फुटलं. म्हातारबाबा दोघांकडे पाहत म्हणाले, "पेट्रोल नसल्यावर लोकं रडतात."

त्यांच्या लेकाची मोटरसायकल जवळच्याच घरात होती. तिच्यातून त्यांनी बाटलीभर पेट्रोल काढून आणून दिलं आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही. "बाटली तेवढी परत आण," म्हणाले. "झाकणाची हाय."

पुन्हा गाडी सुरू करताना मी लालखालचं बटण ओढलं, इंजिनाने सूर धरल्यावर आत ढकललं. शहापुरात घरासमोर उतरल्यावर हे म्हणाले, "बटण एकही चुकलं नाही." आणि मी परत द्यायला पुढे केलेली किल्ली माझ्याच मुठीत मिटवली. "उद्या दुसरी करून आणतो. आधी चष्मे."

चष्म्याच्या दुकानात ह्यांना हातात धरायच्या तक्त्यावरची फक्त पहिली ओळ वाचता आली, तीही त्यांनी कवायतीच्या आवाजात वाचली. त्यांचा नंबर माझ्यापेक्षा मोठा निघाला. ही बातमी मी त्याच दिवशी आळीत सगळ्यांना पोचवली. चुलत जाऊ बघायला आली आणि म्हणाली, "दोरा कुठाय तुझा?" मी म्हटलं, "तुझा जुना असेल तर दे." खरोखर चांगला होता तो दोरा. दहा वर्षं टिकला.

पुढच्या गणपतीला ती माळ जोडून पुन्हा लावली. अकरा दिवे कमी झालेले, त्यामुळे उरलेले असे काही भगभगत होते की आरतीला आलेले लोक डोळे चोळायला लागले. तिसऱ्या दिवशी फट् झाली. भाऊ म्हणाला, "अकरांचा वाटा उरलेल्यांनी खाल्ला, अजीर्ण झालं." ह्यांनी देवासमोर पणत्या लावल्या आणि मला काही बोलले नाहीत. ह्या खेपेला मात्र सगळं दिसत असून बोलले नाहीत. तेवढा फरक मला आता कळत होता.

दोन हजार सालानंतरही काही वर्षं ती गाडी आमच्याकडे होती, आणि आई होती तोवर बहुतेक शनिवारी मी मुरबाडला गेले. चौथं बटण कशाचं, ते गाडी विकेपर्यंत कळलं नाही.

पण पहिला एकटीचा शनिवार तेवढा सांगून संपवते. त्याच्या आदल्या दिवशी भावाने येऊन चौथ्या बटणाची हिरवी जोडी सोडवली आणि टोपीसकट पेट्रोलच्या काट्यावर बसवली. चौथं बटण बिचारं परत अंधारात गेलं, त्याची मी मनातून माफी मागितली. आईचे केस सावकाश विंचरले, चहा बशीतला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. येताना किन्हवलीच्या अलीकडे गाडी थांबवली. म्हातारबाबा ओट्यावर बसले होते. त्यांची बाटली भरून आणली होती, झाकणासकट. ती घेऊन ते गाडीपाशी आले आणि सवयीने खिडकीतून आत डोकावले.

"आज काटा कुठं हाय, बाय?"

मी चष्मा नाकावर नीट बसवला आणि आधी स्वतः पाहून घेतलं. "तुम्हीच सांगा."

"अर्ध्यावर."

"बरोबर," मी म्हणाले, अगदी ह्यांच्यासारखी मान पुढे काढून.